पहिलीतले, दुसरीतले

१२ जानेवारी. उद्या भोगी. सकाळपासून पावटे आणि ओले हरभरे सोलत बसले आहे, आणि शेजारी ठेवलेला फोन सारखा वाजतो आहे. थंडीतली पक्षिगणना जवळ आली की हे सुरू होतं. उजनीच्या काठावर गेलेली मुलं लांबून, हलत्या होडीतून, उन्हाकडे तोंड करून फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘मॅडम, हा कोणता?’ फोटोत पाण्यावर पांढरट, मळकट काहीतरी असतं. मी हिरवी झालेली बोटं पदराला पुसते, फोटो मोठा करते, तो आणखी पुसट होतो. मग लिहिते, ‘कुरव. लहान वयाचा. पंख उघडलेला फोटो आहे का?’ तो कधीच नसतो. पूर्ण वाढलेल्या कुरवाबद्दल, म्हणजे सीगलबद्दल, कुणी विचारत नाही, त्याचं उत्तर पुस्तकात असतं. विचारतात ते लहानांबद्दल. इतकी वर्षं हे काम करते आहे, त्यामुळे उत्तर माहीत असतं तेव्हाही थकवा येतो आणि नसतं तेव्हा तर येतोच. आज सोलाणे सोलता सोलता वाटलं, मी या कामात शिरले कशी ते एकदा लिहून काढावं. म्हणजे निदान तेवढा एक प्रश्न तरी कुणी पुन्हा विचारणार नाही.

आमचं घर सोलापुरात, यंत्रमागांच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे कट्टा, आणि भिंतीपलीकडे माग. मागाचा खटका सकाळी सुरू व्हायचा आणि आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. वीज गेली की मात्र एकदम शांत व्हायचं आणि सगळे दचकून वर बघायचे. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते महापालिकेच्या शाळेत मास्तर, बहुतेक वर्षं तिसरीचा वर्ग. आई अक्कलकोटकडची. बोलायची मराठी, पण चिडली किंवा थकली की कानडीत जायची. ‘साकाय्तु,’ म्हणायची, म्हणजे पुरे झालं. दिवसातून बऱ्याच वेळा म्हणायची. घरी टॉवेलांचे गठ्ठे यायचे, त्यांच्या दशा वळायच्या, म्हणजे टोकाचे सुटे दोरे पिळून गाठी मारायच्या. ते काम आई करायची आणि हात रिकामा दिसला की मलाही द्यायची. अंगठ्याच्या आतल्या बाजूला तेव्हा पडलेला घट्टा अजून आहे. दुपारी कडक भाकरी आमटीत मोडून, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. चटणी खलबत्त्यात कुटायची, कारण मिक्सर घरात नव्हता, आणि पुढे आला तरी आईला त्यातली चटणी पिठासारखी लागायची.

अण्णांना पक्ष्यांचा नाद कुठून लागला कुणास ठाऊक. घरात तसं कुणी नव्हतं. धरणाचं पाणी अडलं, पाठीमागे लांबवर पसरलं आणि थंडीत तिथे हजारो पक्षी यायला लागले, हे त्यांनी शाळेत कुणाकडून तरी ऐकलं आणि एका रविवारी बघायला गेले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मग मला न्यायला लागले. पहाटेची एसटी टेंभुर्णीपर्यंत, तिथून वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन, आणि शेवटी चालत. फडक्यात धपाटे बांधलेले. दुर्बीण जुनी, तिच्या एका डोळ्यात बुरशी, म्हणून अण्णा डावा डोळा मिटून बघायचे. पुढे सवयीने ते वर्तमानपत्रही डावा डोळा मिटून वाचायला लागले. संध्याकाळी परत आलो की शेजारच्या नर्सव्वाकाकू कट्ट्यावरून विचारायच्या, ‘मोजून आली काय सुमा पक्षी? आमची तांबडी कोंबडी परवापासून दिसंना, तेवढी मोजात आली का बघ की.’ सगळी आळी हसायची. अण्णाही हसायचे आणि नळावर पाय धुवायला जायचे.

बाकी पक्षी मी वर्षभरात शिकले. कुरवांनी मात्र दमवलं. आमच्याकडे लहान चणीचे कुरव दोन जातींचे येतात, एकाचं डोकं तपकिरी, दुसऱ्याचं काळं. हे उन्हाळ्यात. आमच्याकडे ते असतात थंडीत, तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी, आणि कानामागे काजळाचा एक ठिपका, तान्ह्या बाळाला तीट लावावी तसा. मग ओळखायचं कशावरून? पूर्ण वाढलेला असेल तर सोपं. तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकावर पांढरे ठिपके असतात. पण पहिल्या थंडीतल्या पिल्लाचा डोळा दोन्ही जातींत काळाच, आणि पंखावर ते ठिपके उगवलेलेच नसतात. म्हणजे ज्या दोन खुणा पाठ केल्या, त्या दोन्ही त्याच्याकडे नाहीत. उरतं ते पंखाच्या टोकाला काळं किती पसरलंय ते, आणि ते दिसतं तो उडाला तर. उडाला तर नीट दिसायच्या आत लांब जातो. मोठा कुरव, ही वेगळीच जात, आकाराने कळावा, पण पाण्यावर एकटा बसलेला असला की तो मोठा आहे हे कशाशी ताडून ठरवणार? उन्हाने पिसं विटतात, झिजतात. सकाळी करडा वाटलेला दुपारी पांढरा दिसतो. अण्णांच्या पुस्तकात वाढलेल्यांची चित्रं हाताएवढी, आणि पिल्लाचं चित्र कोपऱ्यात टिकलीएवढं.

काठावर बाळू भोई जाळी वाळत घालायचा. आम्ही तासन् तास एका पक्ष्याकडे बघत बसलो की तो मागे येऊन उभा राहायचा. ‘मास्तर, ह्येच्यात वळखायचं काय असतंय? जे माशावर टपून बसलंय ते कुरव, आन् ज्येनं मासा खाल्ला ते बी कुरव. मळकं काय आन् पांढरं काय, जाळ्याचं वाटोळं करायला समदी सारकीच की.’

‘बाळू, तुला पोरं किती?’ अण्णांनी एकदा विचारलं.

‘पाच हायती.’

‘मग लांबनं वळखतोस का नाही, कुठला थोरला, कुठला धाकटा?’

‘न्हाय बा. लांबनं दिसली तर एकाचंबी नाव घेत न्हाय मी. हाक मारली की पैसंच मागत्यात.’

वयाचा घोळ निस्तरायला अण्णांनी त्यांना येणारा मार्ग काढला. कुरवांची शाळा. यंदा जन्मलेला, पंखावर तपकिरी नक्षी, शेपटीला काळा पट्टा, चोच मळकी, तो पहिलीतला. लहान जातीचे कुरव दुसरीत गेले की वाढलेल्यांसारखे दिसायला लागतात, म्हणजे त्यांची शाळा सुटली. मोठा कुरव मात्र चौथीपर्यंत शिकणारा. दुसरीत त्याची पाठ करडी होते पण शेपटीचा पट्टा राहतो, तिसरीत पट्टा जवळजवळ जातो, चौथीत पास. एखाद्याची पिसं वेळेवर बदलली नाहीत तर अण्णा म्हणायचे, ‘हा नापास. याच्या वडलांना बोलवा.’ वर्ग अर्थातच जूनमध्ये बदलायचे. जूनमध्ये कुरव इथे नसतातच, उत्तरेला गेलेले असतात. दिवाळीनंतर परत येतात ते एक यत्ता वर चढूनच. आमच्या दोघांत ही भाषा इतकी रुळली की मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, तिथले शब्द शिकले, तरी काठावर उभं राहिलं की तोंडात पहिली-दुसरीच यायची.

बी.एस्सी. झाले आणि घरात बसले. आईने ठरवलं होतं की मी बी.एड. करावं आणि शाळेत चिकटावं, आणि तोपर्यंत स्थळं बघत राहावं. ती दुष्ट नव्हती. तिला दशा वळून वळून कंटाळा आला होता आणि मला तो येऊ नये एवढंच तिला हवं होतं. मला शाळा नको होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. अण्णांना रोज संध्याकाळी खडूच्या धुळीने खोकताना बघत होते, हे एक कारण असेल. अशात अण्णांच्या कानावर आलं की पुण्याच्या एका संस्थेतल्या लिमये बाई उजनीवर दोन हिवाळे काम करणार आहेत आणि त्यांना इथलंच कुणीतरी हाताखाली हवं आहे. कुरवांत जुने किती, नवे किती, म्हणजे पिल्लं जगतात किती, हे त्यांना मोजायचं होतं. अण्णांनी पत्र टाकलं. उत्तर आलं, जानेवारीतल्या अमुक रविवारी धरणावरच्या विश्रामगृहात येते आहे, मुलीला घेऊन या, काठावरच बघू.

आई म्हणाली, ‘पक्षी मोजून पोट भरतं का?’

‘पगार आहे त्याला,’ अण्णा म्हणाले.

‘दोन हिवाळे. उन्हाळ्यात काय खायचं?’

‘उन्हाळ्यात आंबे,’ अण्णा म्हणाले. आईने टॉवेलांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला, पण मनात पक्कं होतं की हे काम मिळालं तर बी.एड. टळलं, आणि नाही मिळालं तर नाही टळत. दुसरी वाट मला दिसत नव्हती.

लिमये बाई ठेंगण्या, गळ्याला मफलर, सर्दीने नाक लाल. माझ्याआधी त्यांनी आणखी दोघातिघांना काठावर फिरवलं होतं आणि त्या वैतागलेल्या दिसत होत्या. त्यांच्याकडे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण होती. तिच्यातून मी पहिल्यांदा कुरवाच्या चोचीवरचा ओरखडा बघितला. त्या एकेक पक्षी लावायच्या आणि बाजूला व्हायच्या. जाती मी बरोबर सांगितल्या. एक लहान कुरव लांब गाळावर बसलेला होता, त्याचं मी म्हटलं, ‘हा बसलेला नाही सांगता येणार.’ त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘बरोबर. मलाही नाही येणार.’ अण्णा मागे धपाट्यांचं फडकं धरून उभे होते. त्यांची मान हलल्याचं मला न बघताच कळलं.

मग त्यांनी मोठा कुरव लावला. ‘वय सांग. वर्ष.’

मी बघितलं. पंखावर नक्षी, शेपटीला रुंद पट्टा. पहिलीतला. शब्द ओठांवर आला होता. पण पुण्याच्या बाईंसमोर पहिलीतला कसं म्हणायचं? लहान पोरांचं बोलणं वाटलं असतं, शिवाय महापालिकेच्या मास्तरची मुलगी हे लगेच कळलं असतं. मी नीट, शहाण्या मुलीसारखं म्हटलं, ‘पहिल्या वर्षाचा.’

‘दुसऱ्या,’ बाई म्हणाल्या. पुढचा लावला. ‘हा?’

पाठ करडी, पट्टा आहे. ‘दुसऱ्या वर्षाचा.’

‘तिसऱ्या. आणि तो, खडकावरचा?’

तो तिसरीतला होता, त्यात शंकाच नव्हती. पण आता शंका यायला लागली होती. ‘तिसऱ्या,’ मी म्हटलं.

‘चौथ्या,’ बाई म्हणाल्या आणि रुमालात नाक शिंकरलं. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. ‘हे बघ, नजर चांगली आहे तुझी. पण मला वयच हवंय, बाकी सगळं माझं मी करीन. कुणीतरी तुला चुकीचं शिकवलंय, आणि शिकलेलं पुसून पुन्हा शिकवायला माझ्याकडे वेळ नाही.’ मग अण्णांकडे वळून, अदबीनेच, ‘उगाच लांबून आलात. उद्या दुपारी मी निघतेय. पुढे काही असलं तर कळवीन.’

अण्णा म्हणाले, ‘बरं बाई. आपला वेळ घेतला.’ शाळा तपासायला साहेब येऊन गेल्यावर म्हणायचे तसंच.

एसटीत मोडनिंबच्या आसपास अण्णा म्हणाले, ‘माझंच चुकलं असणार सुमे. टिकलीएवढ्या चित्रांवरनं शिकलो मी. बरोबर कोण सांगणार होतं मला?’ मला ते चुकले असं वाटत नव्हतं आणि बाई चुकल्या असंही वाटत नव्हतं, आणि यातून पुढे डोकं चालत नव्हतं. आज वाटतं, तिथेच दोन मिनिटं बोटांवर मोजून विचार केला असता तर उमगलं असतं. पण अपमान झाल्यावर हिशेब जमत नाही. निदान मला जमत नाही.

घरी आलो तेव्हा नर्सव्वाकाकू आईजवळ कट्ट्यावर बसलेल्या, दोघींच्या मांडीवर टॉवेल. आईने आमची तोंडं बघितली. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, परत आली आणि काकूंशी चाललेलं बोलणं पुढे सुरू केलं. काकूंच्या ओळखीत कुणीतरी मुलगा होता, त्यांच्या जातीतला नव्हे, आमच्यातला, बँकेत. काकूंनी माझं वय विचारलं.

‘बाविसावं लागलं,’ आई म्हणाली.

‘आई, एकविसावं चालू आहे. बाविसावं जूनमध्ये लागेल.’

‘कॅलेंडर बदललं का नाही? मग साल बदललं. तुझ्या जूनची वाट कोण बघतंय?’ आईने गाठ दाताने आवळली. ‘दरवर्षी हिचं तेच. साकाय्तु.’

काकू म्हणाल्या, ‘आमच्यात तर अजून एक वाढवून सांगत्यात. पोरगी शाणी वाटती.’

मी हातातला टॉवेल तसाच धरून बसले. मी तीन वेळा चुकले होते, आणि तिन्ही वेळा एकानेच कमी. खरोखर न येणारा माणूस कधी एकाने चुकतो, कधी दोनाने, कधी जास्त सांगतो. मी एकसारखी चुकले होते. लिमये बाईंनी कॅलेंडर बदलल्याबरोबर सगळ्या कुरवांना एक वर्ष लावलं होतं, आईने मला लावलं तसं. जानेवारीत उजाडलं की गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू त्यांच्या लेखी दुसऱ्या वर्षात. आमच्याकडे ते जूनपर्यंत पहिलीतच. मी ‘पहिलीतला’ म्हणाले असते तर बाईंनी निदान विचारलं असतं, हे काय? पण मी यत्ता लपवून वर्ष म्हटलं होतं.

अण्णा आत उकिडवे बसून चहा पीत होते. मी सांगितलं. ते ऐकत राहिले, बोटांवर एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

‘म्हणजे बरोबर कोण?’

‘दोघंही.’

‘दोघं बरोबर असले ना सुमे, की ज्याच्या हातात नोकरी तो जास्त बरोबर.’ बशीतला चहा संपवला. ‘पण जा तू. माझी सकाळची शाळा आहे, मला नाही येता येणार. आणि आपल्या शाळेचं फार सांगत बसू नकोस तिथं. आकडा सांग आणि मोकळी हो.’

आई दारात उभी होती. कधीपासून, कळलं नाही. ‘चुकलेली नाहीस ना?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘मग तिथंच का नाही भांडलीस? घरी तर जूनवरनं माझ्याशी भांडतेस.’ मी हातातल्या टॉवेलच्या दशा वळायला घेतल्या. ‘एवढा गठ्ठा उरकून ठेव आणि जा कुठं जायचं तिथं. येताना वेळ लावू नकोस.’

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी एकटी निघाले. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात लिमये बाई शाल पांघरून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होत्या. मला बघून थांबल्या. मी पायरीवरूनच विचारलं, ‘बाई, तुमचं वर्ष कधी बदलतं?’

‘कसलं वर्ष?’

‘कुरवांचं.’

त्यांनी तांब्या खाली ठेवला. ‘एक जानेवारीला. सगळ्यांचंच.’

‘आमचं जूनला बदलतं,’ मी म्हटलं, आणि मग अण्णांनी नको म्हटलं होतं ते सगळं सांगितलं, पहिलीपासून चौथीपर्यंत, नापासांसकट. त्या हसल्या नाहीत. एकदा खोकल्या आणि म्हणाल्या, ‘मग काल यत्ता का नाही सांगितलीस?’

‘बरं दिसलं नसतं.’

‘बरं दिसायला मी काय तुला बघायला आले होते? चल.’ गुळण्या तशाच सोडून त्यांनी दुर्बीण उचलली, तिकाटणं माझ्या खांद्यावर दिलं, आणि आम्ही पाण्याकडे उतरलो. चालता चालता त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘वडलांबरोबर रविवारी येशील तेव्हा काय म्हणायचं ते म्हण. माझ्याकडे काम करायचं तर माझं वर्ष. दोन्ही डोक्यात ठेवायला गेलीस की एक दिवस घोटाळा होणार आणि माझा अख्खा हिवाळा वाया जाणार. जमेल?’

‘जमेल,’ मी म्हटलं.

ऊन वर येईपर्यंत त्या पक्षी लावत गेल्या आणि मी प्रत्येकात एक मिळवत गेले. दुसरं. तिसरं. दुसरं. पुन्हा दुसरं. सुरुवातीला आधी यत्ता मनात यायची आणि मग आकडा, नंतर नुसता आकडा यायला लागला. खडकाच्या टोकाला एक मोठा कुरव अंग आवळून बसला होता. पाठ करडी झालेली, पण पंखावर जुनी विटकी पिसं अजून तशीच लोंबत होती. अण्णांनी याच्या वडलांना बोलावलं असतं.

‘हा?’ बाईंनी विचारलं.

‘तिसरं,’ मी म्हटलं, आणि दुर्बीण पुढच्यावर नेली.